फासेशास्त्री

फासेशास्त्री दिसायच्या आधी ऐकू येतो. जिन्यात खुळखुळ झाली की आतली मंडळी पोह्यांच्या बश्या आवरायला लागतात, कारण आता टेबल त्याला लागणार. खिशातून मखमली बटवा निघतो. हा बटवा मुळात सराफाकडून बायकोच्या तोड्यांबरोबर आलेला. तोडे सध्या कपाटात, कापसात. बटव्यातून फासे सांडतात. चार पैलूंचे, सहाचे, आठाचे, दहाचे, बाराचे, विसाचे; पारदर्शक, दुधी, शेवाळी, आणि एक पितळी, ज्यानं टेबलाच्या काचेचा टवका उडवलेला आहे. सगळे ओळीनं मांडून झाले की तो त्यांच्याकडे एकदा मायेनं बघतो आणि म्हणतो, "या वेळी सिस्टीम बदलूया."

ज्यांच्या घरात हा प्राणी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणजे चारपाच जणांनी टेबलाभोवती बसून गोष्ट रचायचा खेळ. एक जण डीएम, म्हणजे सूत्रधार. तो सांगतो की तुम्ही भुयारात आहात, समोर जाड लाकडी दार आहे आणि पलीकडून गुरगुर ऐकू येते आहे. बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीनं सांगतात की आम्ही आता काय करणार. जे सहज होण्यासारखं असतं ते होतं. जे होणं शक्यच नाही ते होत नाही. मधलं जे उरतं, म्हणजे दार फुटेल का, गॉब्लिन थापेला भुलेल का, त्यासाठी फासा. आता तो फासा कोणता, किती टाकायचे, बेरीज घ्यायची की सगळ्यांत मोठा ठेवायचा, आकडा गाठायचा की त्याच्या खाली राहायचं, एवढं एकदा ठरवलं की खेळ सुरू. आपल्यासारख्याला याला दोन मिनिटं पुरतात. फासेशास्त्र्यानं त्यात उमेदीची वर्षं घातली आहेत.

आमचा फासेशास्त्री कोथरूडचा. सोमवार ते शुक्रवार तो एका कंपनीत इतरांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो, आणि रविवारी इतरांनी लिहिलेल्या खेळांमधल्या. ऑक्टोबरातही छत्री बाळगणारा, स्टेशनवर गाडीच्या आधी दीड तास पोचणारा, लग्नातल्या आइस्क्रीमचीही तारीख वाचणारा हा माणूस. आयुष्यात त्यानं नशिबाला कुठेही शिरू दिलेलं नाही. म्हणून की काय, नशिबाचं यंत्र उघडून बघायचा त्याला भारी नाद.

त्याला इतिहास मुखोद्गत आहे. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा गावातून निघाला. या गावाचं नाव तो आळंदीचं घ्यावं तसं घेतो. विसाचा फासा या मंडळींनी शोधलेला नाही. शाळांना भूमितीचं सामान पुरवणाऱ्या कॅटलॉगमधून प्लेटोच्या पाच घनाकृतींचा संच मिळायचा, तोच त्यांनी मागवला. त्या वीस बाजूंवर आकडे शून्य ते नऊच, प्रत्येकी दोनदा. वर त्या आकड्यांत रंगही भरलेला नसायचा. खेळणाऱ्यानं मेणखडू घासून ते उठवायचे. 1979 च्या सुमारास फाशांची अशी टंचाई झाली की खेळाच्या खोक्यात फाशांऐवजी आकडे छापलेल्या पुठ्ठ्याच्या चकत्या येऊ लागल्या. कपात घालायच्या, डोळे मिटून एक काढायची. हे सांगताना शास्त्र्याचा आवाज जड होतो. दहा पैलूंच्या फाशाशी मात्र त्याचं वागणं तुटक आहे. तो प्लेटोच्या पाचांत बसत नाही, मागाहून आलेला आहे, म्हणून त्याला बटव्यातही वेगळा कप्पा.

हे सगळं सुरळीत चाललं होतं, मधे ते दार आलं.

आम्ही विसाच्या फाशावर खेळत होतो. दार फोडायला फाशाचा आकडा आणि अंगातली ताकद मिळून 15 हवे होते. आमच्यातल्या दंतवैद्यबाईंचा पैलवान पुढे झाला. ताकद 18, म्हणजे फाशात 4 मिळवायचे. फासा पडला 2. पैलवान दारावर आपटून खाली. मग सीएचा जादूगार. ताकद 8, म्हणजे फाशातून 1 वजा. पोथ्यांची धूळ झटकून दम लागणारा म्हातारा तो. त्यानं आपलं सहज ढकलून पाहिलं. फासा 19. दार चौकटीसकट आत! टेबलावर असा हशा झाला की खालच्या मजल्यावरून विचारणा आली. दंतवैद्यबाईंनी सीएला मूठभर चिवडा मारला. पैलवान भुयारभर म्हाताऱ्याची पिशवी उचलून चालला. अशी रंगलेली संध्याकाळ विरळा.

शास्त्री तेवढा गप्प होता. रात्री साडेअकराला ग्रुपवर त्याचा मेसेज आला. मेसेज कसला, प्रबंधच. पैलवानाला फाशावर 11 किंवा जास्त हवे होते : शक्यता 50 टक्के. जादूगाराला 16 किंवा जास्त : 25 टक्के. म्हणजे पैलवान पडणार आणि म्हातारा दार फोडणार, हा प्रकार आठात एकदा होणारच. "आठात एकदा!" असं त्यानं वेगळ्या ओळीवर लिहिलं होतं. पुढे उपाय होता. विसाच्या एका फाशाऐवजी सहाचे तीन घ्या. 11 किंवा जास्त यायची शक्यता तीच राहते, बरोबर 50. पण 16 किंवा जास्त यायला 216 पैकी दहाच रीती. जादूगार 25 टक्क्यांवरून पाचाच्या खाली. ही नाचक्की आठाऐवजी त्रेचाळीसांत एकदा. शेवटी त्यानं विचारलं होतं, "कमकुवत माणूस बलवानाच्या पुढे जातो, हे जगात असं चालतं का?"

सीएचं उत्तर आलं, "आमच्या ऑफिसात चालतं."

गणित त्याचं चोख होतं, हे मान्य करायलाच हवं. एकच फासा टाकला की प्रत्येक आकड्याचा हक्क सारखा, विशीला पाच टक्के तसे एकाला पाच टक्के. तीन फाशांची बेरीज घेतली की 3 आणि 18 यांना 216 पैकी एकेकच रीत उरते, आणि 10 व 11 यांना सत्तावीस-सत्तावीस. गर्दी सगळी मधे. स्टीव्ह जॅक्सन यांनी 1986 साली 'गर्प्स' काढला तो अशा तीन फाशांवरच. फासा निवडणं म्हणजे एका अर्थी जग निवडणं. एका फाशाच्या जगात कोणीही कधीही काहीही होऊ शकतो. तीन फाशांच्या जगात माणसं बहुतेक वेळा आपल्या वकुबाप्रमाणे वागतात. दोन्ही जगं आपल्या परिचयाची आहेत. पहिलं मतमोजणीच्या दिवशी दिसतं, दुसरं उरलेली पाच वर्षं.

"पण म्हणजे," दंतवैद्यबाई पुढच्या रविवारी म्हणाल्या, "माझा पैलवान अजूनही निम्म्या वेळा दारावर आपटणारच ना?"

"हो. पण आता म्हातारापण आपटेल."

"मग भुयारात जाणार कोण?"

याला शास्त्रात उत्तर नव्हतं. तीन फाशांवर आम्ही खेळलो खरे, पण सगळ्यांचे आकडे दहा, अकरा, नऊ, अकरा असे सरकारी पगारासारखे यायला लागले. कोणी थोर झालं नाही, कोणाची फजिती झाली नाही. कॉलेजात जाणारा भाचा "मामा, माझी पाळी आली की उठव" म्हणून सोफ्यावर आडवा झाला.

मग शास्त्र्याला 2010 सालचा 'अपॉकलिप्स वर्ल्ड' सापडला. व्हिन्सेंट बेकर आणि त्यांच्या पत्नीचा हा खेळ. दोन फासे सहाचे. दहा किंवा जास्त आले तर काम फत्ते. सहा किंवा कमी आले तर डीएमच्या हातात तुमची शेंडी. आणि सात ते नऊ आले तर काम होतं, पण. सगळी गंमत त्या 'पण'मध्ये आहे. कुलूप उघडतं, पण पहारेकरी जागा होतो. दरी ओलांडता येते, पण दोर तुटतो. विशेष काही अंगी नसलेल्या पात्रालासुद्धा हा निकाल 36 पैकी 15 वेळा लागतो, म्हणजे सुमारे 42 टक्के. नाट्य आपोआप घडतं, असं शास्त्री म्हणाला.

आपोआप घडत नाही. प्रत्येक 'पण' डीएमला जागच्या जागी सुचावा लागतो, आणि आमचा डीएम चुका शोधणारा माणूस, करणारा नव्हे. पहिल्या खेपेला माझ्या चोरानं भिंतीवर उडी घेतली, आठ पडले. शास्त्री बराच वेळ छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चढलास, पण तुझी चप्पल तुटली." आम्हाला बरं वाटलं. मग सीएनं मंत्र म्हटला, सात. "मंत्र लागला, पण... चप्पल तुटली." दंतवैद्यबाईंनी राक्षसाचा हात पिरगाळला, नऊ. "चप्पल," त्या स्वतःच म्हणाल्या. त्या भुयारातून आम्ही चौघं अनवाणी बाहेर आलो, आणि राजानं बक्षीस काय हवं विचारलं तेव्हा एकमतानं कोल्हापुरी मागितल्या.

मधल्या काळातल्या बाकीच्या सिस्टीम भराभर सांगतो. 1977 चा 'ट्रॅव्हलर' : यात पात्राची आधीची नोकरी फाशांवर ठरते आणि त्या नोकरीतच ते मरूही शकतं. दंतवैद्यबाईंचा अंतराळवीर चहा निवायच्या आत वारला, खेळ सुरू व्हायचा होता. 1991 चा 'व्हॅम्पायर : द मास्करेड' : दहाचे मूठभर फासे टाकायचे. यात शास्त्र्याला एक खोट सापडली आणि ती तो आजही लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला सांगतो. लक्ष्य 10 असेल आणि प्रत्येक एक्का एका यशाला खात असेल, तर एका फाशावर बट्ट्याबोळ व्हायची शक्यता 10 टक्के, दोन फाशांवर 17. म्हणजे जितका कसबी माणूस तितका जास्त तोंडघशी! त्याच साली 'अँबर' नावाचा खेळ आला, त्यात फासेच नाहीत. शास्त्र्यानं ते पुस्तक वाचलं, मिटलं, आणि पुन्हा त्याचा विषय काढला नाही. 'ड्रेड' नावाच्या भयकथेच्या खेळात फाशांच्या जागी लाकडी ठोकळ्यांचा मनोरा असतो. धोक्याचं काम करायचं तर एक ठोकळा अलगद ओढायचा. मनोरा पडला की पात्र गेलं. हा खेळ एकाच दुपारपुरता टिकला, कारण दंतवैद्यबाईंचा हात. सीए दोनदा मेला, मी एकदा. बाई दुसऱ्या हातानं चहा पीत ठोकळे काढत होत्या. "ही शक्यता नव्हे, ही प्रॅक्टिकलची परीक्षा आहे," असं म्हणून शास्त्र्यानं खोकं बंद केलं.

आता त्याच्या आजीबद्दल सांगायला हवं.

आजी नव्वदीच्या. गॅलरीत खडूनं पाच बाय पाच घरांचा पट आखून पणतीशी चल्लस-आठ खेळत बसतात. चार कवड्या असतात. जितक्या उताण्या पडतील तितकी घरं सोंगटी पुढे. चारही उताण्या म्हणजे चल्लस, चारही पालथ्या म्हणजे आठ, आणि या दोन्हींवर पुन्हा टाकायचं. जन्मापासून हा पट घरात होता, पण एका रविवारी शास्त्री चहाचा कप घेऊन तिथून जाताना थबकला आणि कपाचा कान धरून तसाच उभा राहिला.

"आजी, हा डाइस पूल आहे."

"काय आहे?"

"बेरीज करत नाही तुम्ही. किती उताण्या ते मोजता. अमेरिकेत या पद्धतीचे खेळ 1989 च्या सुमारास आले! आणि मोठं दान आलं की पुन्हा टाकता, म्हणजे एक्सप्लोडिंग डाइस!"

"चहा सांडतोयस," आजी म्हणाल्या.

त्यानं कप ठेवला आणि एक कवडी उचलली. नाण्यासारखी निष्पक्ष असेल तर चल्लस सोळात एकदा पडायला हवा, आठ सोळात एकदा. पण कवडीची पाठ फुगीर, पोट चपटं. ती निष्पक्ष असेलच कशी? तो पाट घेऊन बसला. कवडी टाकायची, बघायची, वहीत रेघ मारायची. चार रेघा उभ्या, पाचवी आडवी. पणती रडकुंडीला आली, कारण खेळ चार कवड्यांचा आणि एक मामाच्या ताब्यात. शेवटी आजींनी त्याच्या हातातून ती ओढून घेतली.

"तू खेळणार आहेस का नुसता मोजणार?"

"आजी, ही कवडी एका बाजूला जास्त पडते."

"कवडी काय करते? हात करतो," आजी म्हणाल्या. चारही कवड्या मुठीत घोळवल्या, हलकेच सोडल्या. आठ. पुन्हा टाकल्या. आठ. पणतीची सोंगटी मारली आणि पदरानं चष्मा पुसला. शास्त्र्यानं वहीतलं ते पान फाडून टाकलं.

तरी पुन्हा टाकायचा तो नियम त्याच्या डोक्यात राहिलाच. 2003 सालच्या 'सॅव्हेज वर्ल्ड्स'मध्ये तो आहे. तिथे कसब वाढेल तसा फासा मोठा मिळतो. नवशिक्याला चाराचा, जरा जाणत्याला सहाचा, आणि फाशाचा सर्वांत मोठा आकडा आला की पुन्हा टाकून मिळवायचा. आता समजा, गाठायचे आहेत 6. सहाच्या फाशावर सहात एकदा, म्हणजे 16.67 टक्के. चाराच्या फाशावर आधी चार यायला हवेत, मग किमान दोन. म्हणजे सोळात तीनदा, 18.75 टक्के. एकेका फाशापुरतं पाहिलं तर शिकाऊ उमेदवार उस्तादाला दोन टक्क्यांनी भारी! या दोन टक्क्यांपायी त्याची झोप गेली. सीए म्हणाला की आमच्याकडे आर्टिकलशिपला आलेली पोरं अशीच असतात, नियम माहीत नसतो म्हणून काम करून टाकतात. शास्त्र्याला तो विनोद वाटला नाही. त्यानं तो मुद्दा म्हणून लिहून घेतला.

फासेसुद्धा त्याच्या संशयातून सुटलेले नाहीत. नवा फासा घरी आला की आधी काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात मीठ विरघळवत जायचं, फासा तरंगेपर्यंत. मग टिचकी मारून बघायचं की दर वेळी एकच आकडा वर येतो का. आला, तर आत हवेचा बुडबुडा आहे, फासा बाद. अशी अख्खी मिठाची पिशवी एका शनिवारी खर्ची पडली आणि त्या रात्रीच्या आमटीबद्दल त्याच्या बायकोनं मला फोनवर जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिरक्या फाशाचंही कलम आहे. फासा बशीला, वहीला, कोणाच्या कोपराला टेकून थांबला तर धरायचा नाही, पुन्हा टाकायचा. आणि शंभर पैलूंचा तो फासा, लू झॉकी यांनी 1985 साली बाजारात आणलेला 'झॉकीहेड्रन'! गोल्फच्या चेंडूएवढा, आणि थांबायचं कसं ते त्याला माहीत नाही. शास्त्र्यानं तो परदेशातून मागवला, एकदा टाकला. तो टेबलावरून, खुर्चीवरून, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून गेला. आकडा काय आला हे फ्रिज सरकवला तर कळेल.

महाभारतही त्यानं याच अंगानं वाचलेलं आहे. युधिष्ठिराबद्दल त्याला आदर नाही. समोरच्याचे फासे न तपासता राज्य लावणारा माणूस. त्याचं दैवत वनपर्वातला अयोध्येचा राजा ऋतुपर्ण, ज्यानं धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाची पानं आणि फळं किती ते सांगितलं, आणि नलाला अक्षविद्या दिली. त्याहून त्याला आवडतो तो नल, कारण नलानं रथ थांबवला, झाड तोडलं आणि फळं मोजून पाहिली. "राजा सांगतोय म्हणून विश्वास नाही ठेवला," शास्त्री भारावून सांगतो. "टेस्टिंग केलं त्यानं!" बेहड्याची फळंच त्या काळी फासे म्हणून वापरत, हे तो मग पुरवणी म्हणून जोडतो. दमयंती या कथेत कुठे आहे हे त्याला सांगता येत नाही.

इतकं वाचून कोणालाही वाटेल की हा माणूस फाशाच्या शब्दाबाहेर जाणार नाही. मलाही तसंच वाटायचं. पण आमच्या टेबलावर जागा कमी, मी डीएमच्या डाव्या हाताला बसतो, आणि तो आपल्या टिपणांपुढे जो पुठ्ठ्याचा आडोसा उभा करतो त्याच्या मागचं मला दिसतं. भाच्याचं पहिलंवहिलं पात्र होतं, एक धनगर पोरगा. नाव त्यानं आठवडाभर शोधलं होतं, चित्र काढलं होतं, गळ्यात ताईत घातला होता. पोराच्या जिवाचे तीन गुण उरलेले आणि समोर राक्षस गदा उगारून. शास्त्र्यानं आडोशामागे विसाचा फासा टाकला. टिचक्या मारून पारखलेला, खारवलेला, निर्दोष फासा. 20 पडले. स्वच्छ, सरळ, कशालाही न टेकलेले 20.

शास्त्र्यानं त्याच्याकडे पाहिलं. मग भाच्याकडे पाहिलं. "आठ," तो म्हणाला. "हुकला."

भाचा खुर्चीवर उभा राहून ओरडला. दंतवैद्यबाईंनी त्याला टाळी दिली. शास्त्र्यानं फासा उचलून खिशात टाकला, बटव्यात नाही. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही आणि मीही चकलीत लक्ष घातलं. पुढच्या रविवारी तो आला तो नवी सिस्टीम घेऊन. यात म्हणे प्रत्येक पात्राला नशिबाची तीन टोकनं, आणि मरणाच्या दारातून परत यायचं असेल तर एक टोकन द्यायचं, फाशाला खोटं पाडायची गरजच नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. दर खेपेला हा इतक्या तळमळीनं नेमकं काय शोधत असतो, ते मला त्या दिवशी जरा कळलं. ही सिस्टीमही पुढे गेली. भाच्यानं तिन्ही टोकनं पहिल्याच सराईत उधारी चुकवायला वापरली.

हल्ली तो स्वतःचीच सिस्टीम लिहितो आहे. लांबट वही, चार रंगांची पेनं, एक्सेलच्या फाइली ज्यांच्या नावात 'फायनल' हा शब्द एकदा तरी येतोच. दर रविवारी त्यातल्या एका कलमावर चर्चा होते, पोहे संपतात, सात वाजतात. गेल्या खेपेला गाडी मूळ प्रश्नावरच अडली : दोन फासे की तीन? दोनाच्या बाजूनं सीए आणि मी, तीनाच्या बाजूनं भाचा आणि स्वतः शास्त्री. दंतवैद्यबाईंना घाई होती.

"टॉस करा," त्या म्हणाल्या.

"नाण्याचं काय आहे," शास्त्री म्हणाला, आणि सीएनं डोळे मिटले. "नाणं निष्पक्ष नसतं. टाकताना जी बाजू वर असते तीच पडायची शक्यता किंचित जास्त. संशोधकांनी 3,50,757 वेळा नाणी उडवून पाहिली. 50.8 टक्के!"

"मग कुठली बाजू वर आहे ते मी तुला दाखवत नाही. चालेल?"

शास्त्री विचारात पडला. तोंडात सुपारी घोळवावी तसा त्यानं तो प्रस्ताव घोळवला. "चालेल," तो आश्चर्यानं म्हणाला. "खरंच चालेल गं."

बाईंनी मुठीआड धरून नाणं उडवलं. ते टेबलाच्या कडेवर आपटलं, फरशीवरून घरंगळत गेलं आणि सोफ्याच्या पायाला टेकून उभंच राहिलं.

"तिरकं," शास्त्री म्हणाला. "धरायचं नाही. पुन्हा."

दंतवैद्यबाईंनी वाकून नाणं उचललं आणि पर्समध्ये टाकलं. पर्सची चेन लावली. मग टेबलावरचा हाताला लागेल तो एक फासा उचलला. "समोर दार आहे ना? मी दाराला लाथ मारते."

"अगं थांब, कुठल्या सिस्टीमनं..."

फासा पडला होता. सतरा. चारी डोकी आडोशाकडे वळली. शास्त्र्यानं फाशाकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, एक पेन उघडलं, मिटलं.

"फुटलं," तो म्हणाला. भाच्यानं आरोळी ठोकली, सीएनं आपल्या म्हाताऱ्याचा कागद शोधायला घेतला. पण शास्त्र्याला राहवेना.

"फुटलं, पण तुझी चप्पल तुटली."